एकमताची वाडी : एका एकांकिकेच्या दोन खर्ड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी इंग्रजी साहित्य शिकवते आणि कॉलेजच्या नाट्यमंडळाचं काम बघते. पुढे ज्यांचा उल्लेख येतो त्यांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही नाती आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

त्या वर्षी आम्ही येवगेनी झाम्यातिन यांची ‘वी’ वाचत होतो. १९२०-२१च्या सुमारास रशियात लिहिलेली ही कादंबरी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत छापली गेली. सोव्हिएत संघात ती निघायला १९८८ साल उजाडलं. १९२९ साली लेखकावर चहूबाजूंनी झोड उठली तेव्हा त्यांनी लेखक संघटनेचा राजीनामा दिला, १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली आणि ज्येष्ठ लेखक मॅक्झिम गॉर्कींच्या रदबदलीमुळे ती मिळवली. १९३७ साली ते पॅरिसमध्ये वारले. ज्या राज्यात माणसांना नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि उठण्या-जेवण्या-झोपण्याची वेळ सगळ्यांची एकच, अशा राज्याची ही गोष्ट. डी-५०३ हा तिथला इमानदार अभियंता. आय-३३० ही बंडखोर बाई त्याच्या आयुष्यात येते आणि त्याला आपल्याला ‘आत्मा’ नावाचा रोग जडल्यासारखं वाटू लागतं.

मुलांना ती भलतीच आवडली. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी अर्ध्या तासाची एकांकिका बसवायची होती, आणि यंदा आपणही असंच भविष्यातलं काहीतरी करू, हे जवळजवळ त्यांनीच ठरवलं. लिहायचं काम द्वितीय वर्षाच्या एका मुलीनं अंगावर घेतलं. या लेखात मी तिला लिहिणारी म्हणणार आहे.

तिचा पहिला खर्डा पंधरवड्यात तयार झाला. क्रमांकांचं शहर, पडद्यावरून बोलणारा महानायक, त्याच्याविरुद्ध उभी राहणारी क्रमांक २७. शेवटी ती नोंदींचं भांडार पेटवते आणि मरते. संवाद टाळ्या घेणारे होते. दिग्दर्शन करणारा मुलगा तर त्यातले संवाद कॅन्टीनमध्ये म्हणून दाखवत फिरत होता.

पेच

पहिल्या वाचनाला महानायकाचं काम मिळालेल्या मुलानं मध्येच थांबून विचारलं, “हिच्या घरी कोण कोण असतं?”

लिहिणारीकडे उत्तर नव्हतं. क्रमांक २७ ला घरच नव्हतं. तिला आई नव्हती, वाडी नव्हती, तिच्या बंडामुळे ज्याची मान खाली जाईल असा एकही माणूस नाटकात नव्हता. प्रश्न साधा, पण या साहित्याच्या मुळाशी जाणारा. अशा कादंबऱ्यांतलं राज्य सगळ्यात आधी नाती तोडतं. झाम्यातिनच्या राज्यात मुलं राज्याची असतात. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये पार्सन्सला त्याची लहान मुलगीच पकडून देते आणि त्याला तिचा अभिमान वाटतो. घर मोडून माणूस एकटा केला की मग तो सत्तेसमोर उघडा पडतो. कादंबरीतलं बंड म्हणूनच एकट्याचं असतं.

आमच्या मुलांच्या ओळखीची सत्ता याच्या अगदी उलट चालते. ती घर मोडत नाही, घरातूनच येते. काका, आत्या, शेजारची वहिनी, मुंबईला असलेलं वाडीचं मंडळ, या सगळ्यांच्या तोंडून ती बोलते, आणि बोलताना तिचा सूर काळजीचा असतो.

लिहिणारी त्या दिवशी गप्प बसली. आठवड्यानं तिनं दुसरा खर्डा आणला. त्यात काचेचं शहर नव्हतं. पुढच्या पन्नासेक वर्षांतली एक वाडी होती, जिथे कित्येक वर्षांत कुणी विरोधात हात वर केलेला नाही, आणि याच गोष्टीसाठी तिला पुरस्कार मिळत आलेत. एक माणूस एका कागदावर सही करतो. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक बसते. शिमग्याला घरोघरी थांबणारी देवीची पालखी त्याच्या दारावरून न थांबता पुढे निघून जाते.

वाचन संपलं तेव्हा खोलीतल्या बऱ्याच जणांना कळलं होतं की हे तिचंच घर आहे.

खरी हकिकत अशी. तिच्या वाडीत ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायचं गावकीनं, म्हणजे वाडीचे व्यवहार ठरवणाऱ्या पंचमंडळींनी, ठरवलं होतं. तिच्या चुलतभावानं तरीही अर्ज भरला आणि तिच्या वडिलांनी सूचक म्हणून त्यावर सही केली. गावकीनं दंड आणि जाहीर माफी मागितली. वडिलांनी दोन्ही नाकारलं. तेव्हापासून घर वाळीत होतं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, कार्याला बोलवायचं नाही, त्यांच्याकडे मयत झालं तर जायचं नाही. जो हे मोडेल त्यालाही दंड.

बिनविरोध निवडणुकीचं कौतुक आपल्याकडे नवं नाही. भांडणं टळतात, खर्च वाचतो, आणि काही गावांत ती खरोखर समजुतीनं होते हे मी पाहिलं आहे. पण एकमत कसं जमवलं हे कुणी विचारत नाही. जानेवारी २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका पदांचा लिलाव झाल्यामुळे रद्द केल्या, तेव्हा हा प्रश्न थोडे दिवस चर्चेत आला. मग विरला.

अडचणीत आणखी भर पडली ती अशी, की “हिच्या घरी कोण कोण असतं” असं विचारणारा मुलगा तिच्याच वाडीचा होता. त्याचे वडील गावकीत बसत. कॉलेजच्या एस.टी.त दोघं एकाच थांब्यावर चढत आणि एकमेकांशी बोलत नसत. तालमीत मात्र बोलत. मला हे तोवर माहीत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा : क्रमांकांच्या शहराचा खर्डाच करायचा. कुणाला त्रास नाही, पल्लेदार संवाद आहेत, महोत्सवात चालण्यासारखं आहे. दिग्दर्शक याच बाजूचा होता. त्याचं म्हणणं मी फेटाळणार नाही. दूरचं शहर दाखवण्यात एक मोकळीक असते. प्रेक्षक बचावात्मक होत नाही. झाम्यातिननंही गोष्ट हजार वर्षं पुढे नेली होती. अर्थात तेवढ्यानं त्यांच्या राज्यकर्त्यांची फसगत झाली नाही, हेही खरं.

दुसरा पर्याय मधला : वाडी ठेवायची, पण पालखी, सहाण, वाळीत टाकणं हे सगळं काढून त्या जागी काल्पनिक विधी घालायचे. हे मला सुरुवातीला पटलं होतं. पण वाचून बघितल्यावर त्यात जीव उरला नव्हता. पालखीच्या जागी ‘प्रकाशयात्रा’ आली की पालखीची वाट बघणाऱ्या आजीच्या हातातल्या ताटाला अर्थ राहत नाही.

तिसरा, दुसरा खर्डा जसाच्या तसा करायचा. चौथा, हे सगळं बाजूला ठेवून तयार संहिता घ्यायची. प्राचार्यांचा कल इकडे होता.

नाटकाबाहेर आणखी एक पर्याय होता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात स्वतंत्र कायदा आहे. २०१६ साली विधिमंडळानं संमत केलेला हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लिहिणारीच्या वडिलांना हे माहीत होतं. पोलिसांत जायला ते तयार नव्हते. “केस जिंकू,” ते म्हणाले, “पण आईला उद्या काही झालं तर खांद्याला चार माणसं कोर्ट देणार आहे का?” या वाक्यापुढे मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. कायदा हवाच, रायगड जिल्ह्यातली वाळीत प्रकरणं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून येत राहिली म्हणून तर त्याची निकड पुढे आली. पण ज्याला त्याच वाडीत जगायचं आणि मरायचं आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो, आणि तो भित्रेपणाचा हिशेब नसतो.

काय केलं

पहिला निर्णय : ठरवायचं कसं. दिग्दर्शकानं तालमीच्या खोलीत हात वर करायला सांगितले. पहिल्या खर्ड्यासाठी सगळे हात वर गेले. लिहिणारीचाही. स्वतःच्या दुसऱ्या खर्ड्याविरुद्ध तिनं हात वर केला आणि खाली बघत राहिली.

‘वी’ मध्ये एकमताचा दिवस येतो. वर्षातून एकदा सगळे क्रमांक चौकात जमतात आणि ‘उपकारकर्ता’ म्हणवणाऱ्या त्याच एका राज्यप्रमुखाला उघडपणे हात वर करून निवडून देतात. डी-५०३ पूर्वजांची कीव करतो : म्हणे ते लोक गुप्त मतदान करत, चोरासारखे लपून. आणि मग त्या वर्षी ‘विरोधात कोण?’ असं विचारल्यावर हजारो हात वर जातात. हे पान आम्ही वर्गात दोन आठवड्यांपूर्वीच वाचलं होतं. मी तेच पान काढून मोठ्यानं वाचलं आणि चिठ्ठ्या वाटल्या. खर्डा पहिला की दुसरा, आणि का, एवढंच लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्यांत दुसरा खर्डा पुढे आला. पहिल्याला मत देणाऱ्यांची कारणंही चांगली होती, एकानं लिहिलं होतं, “तिला त्रास होईल म्हणून.” हात वर करताना हे कारण कुणी बोललं नव्हतं.

दुसरा निर्णय : घरी विचारणं. मी आणि एक सहकारी बाई त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी संहिता ओटीवर बसून सलग वाचली. आई दाराशी उभी होती. तिनं एकच गोष्ट सांगितली : देवीला मध्ये आणू नका. लिहिणारी म्हणाली, देवीनं कुठे घर टाळलं, टाळलं ते पालखी घेणाऱ्यांनी. आईला ते पटलं, पण पालखी रंगमंचावर येऊ नये यावर ती ठाम राहिली.

मग तिनं त्या शिमग्याचं सांगितलं. अंगण सारवून, रांगोळी घालून ठेवलेली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. आजीनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ढोल-ताशे वरच्या घरी थांबले, ओटी भरली गेली, मग ढोल सुरू झाले ते यांच्या बांधापर्यंत आले आणि न थांबता खालच्या घरी गेले. आजी ताट धरून तशीच उभी. ढोल पऱ्यापलीकडच्या वाडीत पोचले तरी ती आत येईना. शेवटी आईनं तिच्या हातून ताट काढून घेतलं तेव्हा तिची बोटं ताटाच्या कडेवरून सोडवावी लागली.

एकांकिकेत आम्ही हेच केलं. पालखी दाखवली नाही. घरातली माणसं प्रेक्षकांकडे तोंड करून उभी, हातात ताट, आणि ढोल डाव्या विंगेतून जवळ येतो, उजव्या विंगेकडून लांब जातो. दुसऱ्या खर्ड्यात या जागी दीड पानी स्वगत होतं. लिहिणारीनं स्वतः ते कापलं.

तिसरा निर्णय मला सगळ्यात अवघड वाटतो. दुसऱ्या खर्ड्याच्या शेवटी रात्री शेजारची काकी मागच्या दारानं येते, पदराखालून नारळाच्या प्रसादाची वाटी काढून देते आणि म्हणते, “दिवसा माझ्याकडे बघू नका.” संहितेतला हा सर्वांत सुंदर प्रसंग होता. तो घडलेलाही होता. वडिलांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, माझं काय व्हायचं ते झालंय, पण हे पाहून त्या बाईला दंड बसेल.

जे बंड उघड करायचं होतं ते वडिलांचं होतं आणि ते आधीच उघड होतं. काकीचं बंड लपून होतं म्हणूनच टिकलं होतं. ते रंगमंचावर आणणं म्हणजे आपल्या नाटकासाठी तिला पकडून देणं. इथे मला ‘वी’मधली ओ-९० आठवली. वर्गात सगळे आय-३३० बद्दल बोलतात, कारण ती कट रचते, हसते, सिगारेट ओढते. ओ-९० मातृत्वासाठी ठरवलेल्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटरनं बुटकी, म्हणून तिला मूल होऊ देण्यास मनाई. तिला मूल हवं असतं, एवढंच तिचं बंड. शेवटी आय-३३० छळघंटेखाली, म्हणजे हवा काढून घेऊन छळण्याच्या काचेच्या घंटेखाली, जाते, डी-५०३ ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेनं काढून टाकली जाते आणि तो ते शांतपणे बघत बसतो. ओ-९० मात्र पोटातल्या बाळासह राज्याभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटते. तिला बाहेर काढण्याची वाट आय-३३० च दाखवते, हेही विसरता कामा नये. मी हे तालमीत सांगितलं तेव्हा मुली पहिल्यांदाच ओ-९० बद्दल बोलायला लागल्या.

काकी संहितेतून गेली. तिच्या जागी सकाळी मागच्या पायरीवर झाकलेली एक वाटी सापडते, कुणी ठेवली ते कळत नाही. मग सहाणेवर बैठक बसते आणि पंच विचारतो, वाटी कुणी ठेवली? दिग्दर्शकाला इथे एकेक करत सगळ्यांचे हात वर जायला हवे होते. चित्र म्हणून ते मोठं झालं असतं. लिहिणारीनं ठाम नकार दिला : असं आमच्या वाडीत होत नाही. तिनं लिहिलं ते असं, की पंच पुढे म्हणतो, “ज्यांना ही वाटी ठेवणं मान्य नाही त्यांनी हात वर करा,” म्हणजे सगळ्यांनीच करायला हवेत. आणि कुणीच करत नाही. पंच पुन्हा सांगतो. हात खालीच.

पंचाचं काम मुळात गावकीतल्या माणसाच्या मुलाकडे होतं. दुसरा खर्डा ठरल्यावर तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, पंच मी करणार नाही, ढोल मी वाजवतो. मी कारण विचारलं नाही. त्याला वाडीचा खरा ठेका येत होता, आणि ढोल वाजवणारा विंगेत असतो, प्रेक्षकांना दिसत नाही. पहिल्या तालमीला तो ठेका सुरू झाला तेव्हा लिहिणारीनं त्याला थांबवून सांगितलं, बांधाजवळ येताना तुम्ही थोडा संथ करता. त्यानं मान हलवली आणि संथ केला.

परिणाम

महोत्सवात एकांकिका पुढच्या फेरीत गेली नाही. एका परीक्षकाचा आक्षेप असा, की ही भविष्यातली भयकथा म्हणता, पण हे तर आजचंच वास्तव आहे. मला हा आक्षेप मान्य नाही. ऑर्वेल काय किंवा झाम्यातिन काय, दोघांनीही आपल्या डोळ्यांसमोरचंच थोडं पुढे ढकलून लिहिलं. लिहिणारीनं ढकललं ते एका बारीक गोष्टीत : तिच्या वाडीला एकमतासाठी सरकारी पुरस्कार मिळतो आणि तो टिकवण्यासाठी दर वर्षी कुणालातरी वाळीत टाकावं लागतं.

कॉलेजच्या प्रयोगाला तिचे आईवडील आले. आजी आली नाही. आमच्या भागातले बरेच पालक आले होते, त्यात गावकीतली माणसंही असावीत. ढोल लांब गेला त्यानंतर टाळ्या वाजल्या नाहीत. शेवटीही उशिरानं वाजल्या.

प्रयोगाचं चित्रीकरण मोबाइलवर टाकायचं नाही, असं आधीच ठरलं होतं आणि मुलांनी ते पाळलं. वाडीत जाहीर पडसाद उमटले नाहीत. पुढच्या शिमग्याला पालखी पुन्हा पुढे गेली. मात्र मुंबईच्या मंडळातल्या दोघातिघांनी गावकीला कायद्याची आठवण करून देणारं पत्र पाठवलं. नाटकाबद्दल ऐकून, की त्यांच्या मनात आधीपासून होतं म्हणून, हे सांगता येणार नाही. त्यानंतर दंडाची मागणी मागे पडली. माफीची अजून आहे. वडील माफी मागणार नाहीत. त्यांनी तालुक्याच्या एका वकिलाकडून कायद्याची माहिती घेतली आहे. संबंधितांशी तडजोड झाली तर न्यायालयाच्या परवानगीनं प्रकरण मिटवण्याची सोय त्यात आहे, हे कळल्यावर तक्रारीबद्दलचं त्यांचं मत थोडं सैल झालं आहे.

ढोल वाजवणाऱ्या मुलाला घरी काय ऐकावं लागलं ते त्यानं सांगितलं नाही. एस.टी.त आता ते दोघं बोलतात. वाडीच्या थांब्याच्या आधी थांबतात.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांची संमती वाचनाआधी घ्यायला हवी होती. गटानं संहिता ऐकली तेव्हाच लिहिणारीचं घर सर्वांसमोर उघडं झालं होतं. त्यानंतरची संमती ही अर्धी संमती. असा खर्डा आला तर आधी लेखकाशी एकट्यानं बोलावं, त्यातली खरी माणसं कोण, त्यांतली कोण लपून मदत करत आहेत, हे विचारावं. काकीचा प्रश्न वडिलांच्या नव्हे, आमच्या ध्यानात यायला हवा होता.

चिठ्ठ्या पहिल्यापासून घ्याव्यात. हात वर करून घेतलेला निर्णय उलटवताना लिहिणारीला दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागल्या.

गावकीच्या घरातल्या मुलाकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. बहिष्कृत घरातल्या मुलीची काळजी घेणं सगळ्यांना सुचतं. बहिष्कार घालणाऱ्या घरातून येऊन वेगळं वागू पाहणारा मुलगाही तेवढाच एकटा असतो, आणि त्याच्याकडे दाखवायला जखमही नसते. त्याला विंगेत जागा मिळाली ती त्यानं स्वतः शोधली म्हणून. अशी जागा दिग्दर्शकानं आणि माझ्यासारखीनं आधीच देऊ करायला हवी.

आणि प्रयोगानंतर चर्चा ठेवायला हवी होती का, यावर आमच्यात अजून दुमत आहे. सहकारी बाईंचं मत, ठेवायला हवी होती, कायद्याची माहिती देणारं कुणीतरी बोलवायला हवं होतं. लिहिणारीचं मत, नाही. लोक ते घेऊन गप्पपणे घरी गेले तेच बरं, चर्चेत पुन्हा कुणीतरी हात वर करायला सांगितले असते. दुसऱ्या तालुक्यातल्या एका संस्थेनं प्रयोगाला बोलावलं आहे. तिथे चर्चा होणारच आहे, आणि जायचं की नाही ते ठरवायचं काम या वेळी मी तिच्यावर आणि तिच्या वडिलांवर सोडलं आहे.